सेगावच्या वाटेवर गेलेले मंत्रिपद
डॉ. ना. भा. खरे यांच्या राजकारणाची कथा

वर्धेहून सेवाग्रामला जायला आज किती वेळ लागतो? ऑटोवाला घाईत असला तर पंधरा मिनिटे. आश्रम पाहायला येणारी माणसे बापूकुटीपुढे उभी राहतात, चरखा पाहतात, पिंपळाखाली बसून पाणी पितात आणि परत जातात. याच गावात १९३८ च्या जुलै महिन्यात आपल्या प्रांताच्या मुख्य मंत्र्याचा निकाल लागला होता, हे फारसे कुणी सांगत नाही. तेव्हा गावाचे नाव सेवाग्राम नव्हते, सेगाव होते. बुलढाण्याच्या शेगावशी गल्लत होऊन टपाल भलतीकडे जाई, म्हणून १९४० साली नाव बदलले. वर्धेपासून आठ किलोमीटरची वाट काळ्या मातीची. आषाढ-श्रावणात आपली काळी जमीन माणसाचा जोडा कसा धरून ठेवते ते शेतकऱ्याला सांगायला नको. त्या वाटेने नागपूरचे एक डॉक्टर आले आणि सही न करता परत गेले. त्यानंतर त्यांचे आयुष्यच वेगळ्या दिशेला लागले.

हे डॉक्टर म्हणजे नारायण भास्कर खरे. मध्यप्रांत-वऱ्हाडचे पहिले काँग्रेसी मुख्यमंत्री. तेव्हा प्रांताच्या मुख्य मंत्र्यालाही पंतप्रधानच म्हणत. आपण समजायला सोपे म्हणून मुख्यमंत्री म्हणू.

खरे जन्माने कोकणातले. १८८४ साली पनवेलला जन्म, पण शिक्षण आणि कर्तबगारी सगळी इकडची. जबलपूरला कॉलेज केले, लाहोरला वैद्यकीचे शिक्षण घेतले आणि १९१३ साली एम.डी. झाले. त्या काळी एम.डी. म्हणजे काय चीज होती, याची आज कल्पना येणार नाही. सरकारी वैद्यकीय खात्यात नोकरी मिळाली. दोन-तीन वर्षांत तीही सोडली आणि ते काँग्रेसच्या कामाला लागले. १९२६ साली त्यांनी नागपुरात ‘तरुण भारत’ नावाचे साप्ताहिक काढले. पुढे १९४४ पासून याच नावाचे दैनिक ग. त्र्यं. माडखोलकरांच्या संपादकत्वाखाली निघाले, ते आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी आलेले आहे. बोलायला फटकळ, लिहायला तिखट आणि वाकायला तयार नाही, असा माणसाचा स्वभाव. डॉक्टरकीत तो चालून गेला. राजकारणात कधी चालला, कधी नडला.

निवडणुकीशी त्यांचा पहिला संबंध आला तो १९२३ साली. त्या वेळी देशबंधू दास आणि मोतीलाल नेहरू यांच्या स्वराज्य पक्षाने कौन्सिलात शिरून सरकारची अडवणूक करायचे ठरवले होते. आपल्या मध्यप्रांतात या पक्षाला स्वच्छ बहुमत मिळाले. खरे प्रांतिक कौन्सिलात १९२३ ते १९२६ सभासद होते. बहुमत असून मंत्रिपदे घ्यायची नाहीत, हा त्यांचा हट्ट. सरकारने दुसरे मंत्री नेमले तर कौन्सिलाने त्यांचा पगार कापून वर्षाला दोन रुपये करून टाकला! आज एखाद्या ग्रामपंचायतीने बीडीओचा भत्ता दोन रुपये केला तर जी खळबळ उडेल, तशी तेव्हा उडाली. पण अडवणुकीचे राजकारण फार दिवस टिकत नाही. १९२५ साली पक्षाचेच श्रीपाद बळवंत तांबे सरकारच्या कार्यकारी मंडळात जाऊन बसले आणि पक्षात उभी फूट पडली. एक गट म्हणे, खुर्ची मिळते तर घ्या आणि काम करा. दुसरा म्हणे, खुर्ची हाच सापळा आहे. खरे काँग्रेसमध्येच राहिले. खुर्चीचा हा वाद पुढे त्यांच्याच वाट्याला येणार होता.

नागपूरच्या काँग्रेसचे मोठे पुढारी बॅरिस्टर मोरोपंत अभ्यंकर १९३५ च्या जानेवारीत वारले. खरे त्याच वर्षी दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात गेले आणि नागपूरच्या राजकारणात पहिल्या रांगेत आले. तेवढ्यात १९३५ चा कायदा झाला आणि प्रांतांना स्वतःची मंत्रिमंडळे मिळणार असे ठरले.

आता १९३७ ची निवडणूक. हिच्याबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण आजच्या मतदाराला ती ओळखूच येणार नाही. मताचा अधिकार सर्वांना नव्हता. ज्याच्या नावावर ठराविक सारा, खंड किंवा कर असेल, किंवा जो ठराविक शिकलेला असेल, त्यालाच मत. त्यातही आपल्या प्रांताची घडी दोन तऱ्हेची होती. वऱ्हाडात रयतवारी, म्हणजे शेतकरी थेट सरकारचा खातेदार. वर्धा-नागपूरकडे मालगुजारी. गाव मालगुजाराचे आणि शेतकरी त्याचे कूळ. सेगावच घ्या ना, तिथली मालगुजारी जमनालाल बजाजांची होती, म्हणून तर गांधीजी ३० एप्रिल १९३६ ला तिथे राहायला आले. ही मालगुजारी १९५१ साली गेली. तर सांगायचे असे, की १९३७ साली गावात ज्याच्या नावावर पुरेशी जमीन त्याच्या हातात मत होते. मजुराला, महारवाड्याला, बहुतेक बायांना मत नव्हते. देशभर मिळून शंभरातल्या सुमारे चौदा माणसांना मत होते.

असे असूनही काँग्रेसने आपल्या प्रांतात मैदान मारले. विधानसभेच्या ११२ जागांपैकी सत्तरच्या आसपास जागा तिला मिळाल्या. मालगुजाराच्या समोर मालगुजाराच्या कुळांनी वेगळे मत टाकले, असे गावोगाव घडले.

पण बहुमत मिळाले तरी मंत्रिमंडळ लगेच झाले नाही. गव्हर्नर आपले खास अधिकार वापरून मंत्र्यांच्या कामात ढवळाढवळ करणार नाही याची हमी काँग्रेसला हवी होती. एप्रिल ते जुलै राघवेंद्र रावांचे बिनबहुमताचे मंत्रिमंडळ चालले. शेवटी १९३७ च्या जुलैच्या पहिल्या आठवड्यात काँग्रेस कार्यकारिणी वर्धेला बसली आणि मंत्रिपदे घ्यायला परवानगी दिली. म्हणजे खऱ्यांच्या हाती सत्ता आली ती वर्धेच्या ठरावाने. वर्षभराने गेली तीही वर्धेतच.

पुढारी निवडताना चुरस झाली. मध्यप्रांत-वऱ्हाड हा एक प्रांत असला तरी त्यात काँग्रेसच्या कमिट्या तीन: महाकोशल, नागपूर आणि विदर्भ. महाकोशल म्हणजे जबलपूर-रायपूरकडचा हिंदी मुलूख. नागपूर कमिटीत आपला वर्धा जिल्हा. विदर्भ कमिटी म्हणजे वऱ्हाडचे चार जिल्हे. हिंदी भागाचे आमदार मराठी भागापेक्षा जास्त. तरी पुढारी झाले मराठी बोलणारे खरे, कारण महाकोशलच्या आमदारांत एकी नव्हती. रायपूरचे रविशंकर शुक्ल आणि जबलपूरकडचे द्वारकाप्रसाद मिश्र यांचे तेव्हा जुळत नव्हते आणि मिश्रांनी आपले वजन खऱ्यांच्या पारड्यात टाकले. दोघांच्या भांडणात तिसऱ्याला सरपंचपद मिळते, हे आपण गावात पाहतोच. ते दोघे एक झाले की तिसऱ्याचे काय होते, तेही पाहतो.

जुलै १९३७ मध्ये मंत्रिमंडळ झाले. खरे, वऱ्हाडातून अकोल्याचे पु. बा. गोळे आणि अमरावतीचे रामराव देशमुख, महाकोशलातून शुक्ल, मिश्र आणि दुर्गाशंकर मेहता, आणि सातवे युसुफ शरीफ. काँग्रेसच्या ठरावाप्रमाणे मंत्र्याने पगार घ्यायचा महिना ५०० रुपये, त्याहून जास्त नाही. कैदी सुटले, काही निर्बंध उठले. शुक्लांनी विद्यामंदिर योजना आणली. गावाने किंवा दात्याने जमीन द्यायची, जमिनीच्या उत्पन्नावर शाळा आणि मास्तर चालवायचा. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धेला शिक्षण परिषद भरली आणि नई तालीम जन्मली, तिच्याशी ही योजना जोडली गेली. विद्यामंदिराच्या शिक्षकांचे प्रशिक्षण वर्धेतच सुरू झाले. कल्पना चांगली होती. मात्र कोरडवाहू जमिनीच्या भरवशावर मास्तरचा पगार काढायचा म्हणजे काय, हे ज्याने एकदा तरी कपाशीचा हिशेब मांडला आहे त्याला विचारा. योजना फार फोफावली नाही.

इकडे मंत्रिमंडळात कुरबूर सुरू झाली होती. १९३८ च्या उन्हाळ्यात शरीफांनी शिक्षा झालेल्या एका कैद्याला मुदतीआधी सोडले, त्यावरून गदारोळ झाला आणि त्यांना जावे लागले. शुक्ल आणि मिश्र यांचे तोवर जुळले होते. खऱ्यांचे म्हणणे असे, की महाकोशलचे मंत्री आपापली खाती परस्पर चालवतात, मुख्यमंत्र्याला मोजत नाहीत. त्या बाजूचे म्हणणे असे, की खरे सगळ्यांना सोबत घेत नाहीत, मराठी-हिंदी असा भेद करतात. दोन्हींत थोडे थोडे तथ्य असावे. सरकार उन्हाळ्यात पचमढीला जाई. तिथे २४ मे रोजी सरदार पटेल, मौलाना आझाद आणि जमनालालजी यांच्यासमोर समेट झाला. हस्तांदोलन झाले. दीड महिन्यात समेट मोडला.

खऱ्यांनी मग ठरवले की मंत्रिमंडळच नव्याने करायचे. कायद्याने रस्ता मोकळा होता. मुख्यमंत्र्याने राजीनामा दिला की सगळ्यांनी द्यायचा आणि गव्हर्नराने पुन्हा त्याच पुढाऱ्याला बोलवायचे. गोळे आणि देशमुख यांनी राजीनामे दिले. शुक्ल, मिश्र, मेहता यांना खऱ्यांनी राजीनामे मागितले. ते म्हणाले, काँग्रेसच्या पार्लमेंटरी बोर्डाने सांगितल्याशिवाय देत नाही. २० जुलैला खऱ्यांनी आपला राजीनामा गव्हर्नर सर फ्रान्सिस वायली यांच्या हाती दिला. त्या रात्री गव्हर्नराने तिघांना बोलावणे पाठवले, त्यांनी पुन्हा नकार दिला. २१ तारखेला उजाडायच्या सुमारास तिघे बडतर्फ झाले आणि खऱ्यांचे नवे मंत्रिमंडळ शपथ घेऊन मोकळे झाले.

या नव्या मंत्रिमंडळात एक गोष्ट मोठी होती. त्यात हरिजन आमदार अग्निभोज यांना मंत्री केले होते. तोवर या प्रांतात कुणा अस्पृश्य माणसाला मंत्रिपद मिळाले नव्हते. डावपेच म्हणून केले असेल, मनापासून केले असेल, पण केले. ते मंत्रिमंडळ दोन-तीन दिवसांचेच ठरले.

माझ्या मते खऱ्यांची चूक इथे आहे आणि ती कायद्याची नाही. कायद्याने त्यांचे सगळे बरोबर होते. मंत्रिमंडळ आपल्या मताचे असावे हा मुख्यमंत्र्याचा हक्क आहे. पण ज्या पक्षाच्या नावावर मते मागितली, त्या पक्षाची बैठक दोन दिवसांवर वर्धेला ठरलेली असताना, रात्रीतून इंग्रज गव्हर्नराच्या मदतीने आपल्याच सहकाऱ्यांना काढायचे, हे लोकांना कसे पटावे? वर्षभर आधी याच गव्हर्नरपदाच्या अधिकाराविरुद्ध काँग्रेस अडून बसली होती. त्याच अधिकाराची कुऱ्हाड खऱ्यांनी आपल्या घरात आणली. घरची वाटणी पंचांसमोर करायची की रात्री पोलिसपाटलाला उठवून, असा तो प्रश्न होता.

बैठक वर्धेला होतीच. काँग्रेसचे अध्यक्ष त्या वर्षी सुभाषचंद्र बोस. पार्लमेंटरी बोर्डावर पटेल, आझाद आणि राजेंद्रप्रसाद. २२ जुलैला खऱ्यांना बोलावून त्यांना तुम्ही चुकलात असे स्पष्ट सांगण्यात आले. खऱ्यांनी २३ तारखेला आपल्या नव्या मंत्रिमंडळाचा राजीनामा गव्हर्नराकडे धाडला. इथे मामला मिटला असता. पण पुढचा प्रश्न होता की पक्षाचा पुढारी पुन्हा कोण. आमदार पुन्हा आपल्यालाच निवडतील, असे खऱ्यांना वाटत होते आणि ते निवडणुकीला उभे राहू पाहत होते. काँग्रेसच्या श्रेष्ठींना ते नको होते.

मग त्यांना सेगावला नेण्यात आले. गांधीजी १९३४ पासून काँग्रेसचे चार आण्याचे सभासदही नव्हते. पण सल्ला त्यांचाच चाले, हे सगळ्यांना ठाऊक. सुभाषबाबू आणि इतर पुढारी सोबत होते. खऱ्यांनी आपली चूक कबूल करावी आणि पुढारीपदाच्या शर्यतीतून बाजूला व्हावे, असे निवेदन तयार झाले. मसुद्यावर गांधीजींनी स्वतः हात फिरवला. खऱ्यांनी आपल्या मित्रांशी बोलायला वेळ मागितला आणि वर्धेला परतले. नंतर त्यांनी कळवले की सही करणार नाही.

त्या कुटीत नेमके काय बोलणे झाले यावर दोन्ही बाजूंनी पुढे बरेच लिहिले गेले. खऱ्यांनी त्याच वर्षी आपल्या बचावाची पुस्तिका काढली. गांधीजींनी हरिजन मंत्र्याच्या नेमणुकीवर नाराजी दाखवली, असेही खऱ्यांनी सांगितले आणि डॉ. आंबेडकरांनी काँग्रेसवरच्या आपल्या इंग्रजी ग्रंथात ते नोंदवले. गांधीजींच्या बाजूच्यांना हे मान्य नव्हते. एवढे मात्र घडले, की त्याच वर्षी नागपूरकडून हरिजन सत्याग्रहींची तुकडी सेगावला येऊन बसली. मंत्रिमंडळात आमचा माणूस घ्या, ही मागणी. गांधीजींनी त्यांना हाकलले नाही, आश्रमातच राहायला जागा दिली आणि त्यासाठी कस्तुरबांना आपली खोली मोकळी करून द्यावी लागली. मागणी मात्र तेव्हा मान्य झाली नाही.

२६ जुलैला कार्यकारिणीचा ठराव झाला. खऱ्यांनी गंभीर चुका केल्या, ते काँग्रेसमध्ये जबाबदारीच्या जागेला लायक नाहीत, असा त्याचा आशय. गव्हर्नरालाही ठरावात सोडले नाही. दुसऱ्या दिवशी वर्धेच्या नवभारत विद्यालयात प्रांताच्या काँग्रेस आमदारांची सभा झाली. सुभाषबाबू अध्यक्षस्थानी. वर्षभरापूर्वी ज्यांनी खऱ्यांना निवडले होते, त्यांतल्या बहुतेकांनी आता शुक्लांना निवडले. २९ जुलैला शुक्ल मुख्यमंत्री झाले. नई तालीमची परिषद भरली होती ती याच शाळेत.

गांधीजींनी नंतर आपल्या साप्ताहिकात आपली बाजू मांडली. काँग्रेस ही परक्या सत्तेशी लढणारी फौज आहे, फौजेत प्रत्येक तुकडीने आपल्या मनाने चालायचे नसते, असा त्यांच्या लिहिण्याचा मथितार्थ. लढाईच्या काळात हे खरेही होते. पण लढाई संपली, स्वराज्य आले, आणि फौजेची शिस्त तशीच राहिली. मुख्यमंत्री कोण हे आमदारांनी सभा भरवून ठरवायचे आणि नाव मात्र वरून पाकिटात यायचे, ही रीत आपण मुंबईला कितीदा तरी पाहिली आहे, आणि एकाच पक्षात पाहिली असेही नाही. गावच्या सोसायटीच्या अध्यक्षाचे नाव तालुक्याहून आणि झेडपीच्या सभापतीचे नाव जिल्ह्याहून येते, तेव्हा त्या पाकिटाची पहिली घडी वर्धेला घातली गेली होती असे म्हणावे लागते. खरे चुकले म्हणून श्रेष्ठींचे सगळेच बरोबर होते असे मी तरी म्हणणार नाही. ज्यांनी मते दिली त्या नागपूर-वर्धेच्या शेतकऱ्याला त्या आठ दिवसांत कुणी काही विचारले नाही.

मराठी मुलखात राग उसळला. आपला माणूस गेला आणि राज्य हिंदी भागाकडे गेले, अशी भावना झाली. १ ऑक्टोबर १९३८ ला याच विधानसभेने मराठी जिल्ह्यांचा वेगळा महाविदर्भ प्रांत करावा असा ठराव केला. म्हणजे खरे प्रकरणानंतर जेमतेम दोन महिन्यांनी. वेगळ्या विदर्भाची गोष्ट निघाली की लोक १९५३ च्या नागपूर करारापासून सुरुवात करतात. तिचे एक मूळ त्याआधीच्या या पावसाळ्यात आहे.

शुक्ल पुढे १९३९ च्या नोव्हेंबरपर्यंत आणि पुन्हा १९४६ ते १९५६ मुख्यमंत्री होते. मिश्र १९६३ साली नव्या मध्यप्रदेशाचे मुख्यमंत्री झाले. खऱ्यांना मात्र काँग्रेसचे दार कायमचे बंद झाले. तेव्हा त्यांचे वय चौपन्न. दुसरा माणूस दवाखान्यात परत गेला असता.

१९४३ साली ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले. काँग्रेसचे सगळे पुढारी तेव्हा तुरुंगात होते. त्यामुळे लोकांनी त्यांना नावे ठेवली, आणि ठेवणारच. तांब्यांनी १९२५ साली जे केले त्यावरून पक्ष फुटला होता, तेच आता खऱ्यांनी केले. पण तिथे त्यांनी केलेले एक काम विसरू नये. परदेशातल्या भारतीयांचे खाते त्यांच्याकडे होते. दक्षिण आफ्रिकेत त्याच वर्षी कायदा करून नाताळमधल्या भारतीयांना गोऱ्यांकडून जमीनजागा घ्यायला अडवले गेले होते. आपली माणसे तिथे उसाच्या मळ्यात राबायला गेली, पिढ्या गेल्या, आणि जमीन घ्यायची म्हटली तर बंदी. खऱ्यांच्या काळात हिंदुस्थान सरकारने उलट कायदा वापरून तिकडच्या गोऱ्यांवर इकडे तसेच निर्बंध घातले आणि १९४६ साली दक्षिण आफ्रिकेशी व्यापार बंद केला. ज्या लढ्यापासून गांधीजींचे सार्वजनिक आयुष्य सुरू झाले, तो लढा सरकारी खुर्चीत बसून चालवायची पाळी गांधीजींशी भांडलेल्या माणसावर आली.

१९४७ च्या एप्रिलमध्ये ते अलवर संस्थानचे दिवाण, म्हणजे तिथले पंतप्रधान झाले. तो काळ भयंकर होता, अलवरला मेवातीत मोठी कत्तल आणि पळापळ झाली, आणि त्याचा ठपका संस्थानच्या कारभारावर आला. त्यांच्या आयुष्यातले हे पान काळे आहे. ३० जानेवारी १९४८ ला गांधीजींचा खून झाला. फेब्रुवारीत केंद्र सरकारने अलवरचा कारभार ताब्यात घेतला, महाराजांना आणि खऱ्यांना दिल्लीत राहायला लावून चौकशी केली. खुनाच्या खटल्यात खरे आरोपी नव्हते. पण संशयाची सावली त्यांच्यावर पडली ती पडलीच, कारण सेगावचे भांडण सगळ्यांच्या ध्यानात होते.

त्यानंतर ते हिंदुमहासभेत गेले आणि अध्यक्ष झाले. ३१ मार्च १९५० ला दिल्लीच्या जिल्हा दंडाधिकाऱ्याने त्यांना तीन महिन्यांसाठी शहराबाहेर घालवले. मध्यप्रदेश सरकारने आणखी हुकूम काढून त्यांना नागपुरातच राहायला सांगितले. मध्यप्रदेशचे मुख्यमंत्री तेव्हा कोण? रविशंकर शुक्ल! हा दुसरा हुकूम पुढे मागे घेतला. दिल्लीच्या हुकमाविरुद्ध खरे सर्वोच्च न्यायालयात गेले. राज्यघटना लागू होऊन चार महिनेही झाले नव्हते. नागरिकाला देशात कुठेही फिरायचा हक्क घटनेने दिला आहे, मग हद्दपारी कशी, असा सवाल. २६ मे १९५० ला न्यायालयाने बहुमताने सरकारच्या बाजूने निकाल दिला. खरे हरले, पण वकिलीची पुस्तके उघडली तर फिरण्याच्या हक्कावरचा हा पहिल्या खटल्यांपैकी एक म्हणून आजही सापडतो. तडीपारीची नोटीस ज्यांनी पाहिली आहे त्यांना त्याचे महत्त्व कळेल.

पुन्हा निवडणूक. १९५२ साली हिंदुमहासभेचे वि. घ. देशपांडे ग्वाल्हेर आणि गुना या दोन जागांवरून लोकसभेला निवडून आले. त्यांनी ग्वाल्हेर सोडले आणि तिथल्या पोटनिवडणुकीत खरे निवडून गेले. जन्म कोकणात, राजकारण नागपुरात, आणि प्रौढ मतदानातला विजय ग्वाल्हेरला. १९३७ साली जमिनीच्या सातबारावर मत होते, आता प्रत्येक सज्ञान बाई-माणसाला होते.

शेवटची झुंज १९५७ ची. राष्ट्रपतींची निवडणूक होती आणि हिमालयाकडच्या काही मतदारसंघांत बर्फामुळे मतदानच झालेले नव्हते. राष्ट्रपती आमदार-खासदार निवडतात, आणि सगळे आमदार-खासदार निवडून आलेले नसताना ही निवडणूक घेताच येत नाही, असे म्हणून खरे न्यायालयात गेले. अर्ज फेटाळला. पण मुद्दा असा नेमका होता की सरकारला १९६१ साली घटनेत अकरावी दुरुस्ती करावी लागली. मतदार मंडळातली एखादी जागा रिकामी आहे एवढ्यावरून राष्ट्रपतीची निवड रद्द मागता येणार नाही, असे तिने ठरवले. ग्रामपंचायतीत एक सदस्य कमी आहे म्हणून झालेला ठराव बाद होत नाही, हे आपले ग्रामसेवक सांगतात ना, तसलाच हा नियम.

१९५९ साली त्यांनी आपल्या राजकीय आठवणी इंग्रजीत प्रसिद्ध केल्या. सेगावचा सगळा हिशेब त्यांनी त्यात पुन्हा मांडला आहे. एकवीस वर्षांनीही राग उतरला नव्हता. १९७० साली ते वारले. तोवर त्यांच्या प्रांताचे दोन तुकडे होऊन आठ मराठी जिल्हे महाराष्ट्रात आले होते, नागपूरची राजधानी जाऊन हिवाळी अधिवेशन उरले होते, आणि सेगावची चिखलवाट डांबरी झाली होती.